गृहशास्त्र : लोकरी गालिच्यावरील शाईचा डाग

हिंगोली जिल्ह्यांतील एका वाचक भगिनींचें पत्र आमच्यापुढें आहे. घर एकत्र कुटुंबाचें. बैठकीच्या खोलींत आजेसासऱ्यांच्या वेळचा वरंगळचा लोकरी गालिचा आहे. त्यावर घरांतील मुलाच्या हातून निळ्या शाईची दौत सांडली. मुलानें भीतीनें त्यावर लोड ओढून ठेवला आणि गोष्ट उघडकीस आली ती तिसऱ्या दिवशीं. मग प्रत्येकानें आपापला उपाय सुचविला. सासूबाई म्हणाल्या, दूध ओता. जाऊबाई म्हणाल्या, लिंबू आणि मीठ चोळा. धाकटे दीर तर कपडे शुभ्र करण्याच्या द्रावणाची बाटलीच घेऊन आले. बाटलीचें बूच सुदैवानें अद्याप उघडलेलें नाहीं. कोणाचें ऐकावें, असें भगिनींनीं विचारलें आहे.

प्रश्न एका गालिच्याचा असला तरी त्याचें उत्तर पुष्कळ घरांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें विस्तारानें देत आहों. बाटलीचें बूच तसेंच बंद राहूं द्यावें, एवढें मात्र प्रथमच सांगून टाकतों.

हिंगोलीसारख्या गांवीं वरंगळचा गालिचा असण्यांत नवल कांहींच नाहीं. हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजीं झाला. परंतु १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत सारा मराठवाडा निजामच्या हैदराबाद राज्यांत होता, आणि हिंगोलीस हैदराबाद कंटिंजंटची छावणी १९०३ पर्यंत नांदत होती. वरंगळ त्याच राज्यांतलें. तेथील विणकरांचे गालिचे १८५१ सालीं लंडनच्या महाप्रदर्शनांत मांडले गेले होते. इकडे पुण्यास येरवड्याच्या तुरुंगांत विणलेल्या गालिच्यांचीहि ख्याति मोठी होती. असे जुने गालिचे ज्या घरीं आहेत, तेथें त्यांची किंमत रुपयांत करतां येत नाहीं. चार पिढ्यांच्या मुंजी, साखरपुडे आणि पानसुपाऱ्या ज्यावर झाल्या, तें वस्त्र पुन्हां विकत मिळत नाहीं. म्हणूनच घाईनें केलेला उपाय हा डागाहून अधिक भयंकर ठरतो.

लोकर ओळखावी

आजकाल बाजारांत मिळणारे पुष्कळसे गालिचे दिसण्यांत लोकरीचे आणि वस्तुतः कृत्रिम धाग्याचे असतात. दोहोंचे उपाय निराळे, म्हणून पहिली परीक्षा धाग्याची. गालिच्याच्या उलट बाजूनें किंवा कडेनें दोनचार तंतू काढून ते चिमट्यांत धरावे आणि गालिच्यापासून दूर, ओट्यावर, निरांजनाच्या ज्योतीशीं न्यावे. लोकर सावकाश जळते, ज्योतींतून काढतांच बहुधा विझते, जळक्या केंसांसारखा वास येतो आणि राहिलेला काळा कोळसा बोटांनीं सहज चुरडतो. कृत्रिम धागा वितळून त्याचा टणक मणी होतो. सुती धागा कागदासारखा भुरकन् जळून त्याची मऊ राख उरते.

जळक्या केंसांचा वास येतो याचें कारण असें, कीं लोकर हा मेंढीचा केंसच आहे. आपले केंस व नखें ज्या द्रव्याचीं घडलेलीं आहेत, त्याच जातीच्या प्रथिनाची ती बनते. त्यास रसायनशास्त्रांत केराटिन म्हणतात. सुती कापडाचा पिंड अगदीं निराळा, तो वनस्पतीचा. धोतरावरचा किंवा पंच्यावरचा डाग ज्या रीतीनें काढतात, ती रीत लोकरीस लावणें म्हणजे एकाचें औषध दुसऱ्यास देण्यासारखें आहे. सूत खाराला दाद देत नाहीं, पण तीव्र आम्लानें कुजतें. लोकर सौम्य आम्ल सोसते, पण खारानें विरते. धुण्याचा सोडा, कास्टिक सोडा, चुना हे सर्व तिचे वैरी होत. आणि कपडे शुभ्र करण्याचें जें क्लोरीनयुक्त द्रावण, तें तर लोकरीस प्रथम पिवळें, मग खरखरीत आणि शेवटीं बुळबुळीत करून विरघळवून टाकतें.

ज्यांस हें खरें वाटत नसेल, त्यांनीं मुलांना जवळ घेऊन एक प्रयोग करावा. कांचेच्या वाटींत तें द्रावण थोडें घ्यावें. त्यांत एक सुती दोरा व जुन्या लोकरी मोज्याचा एक धागा टाकून वाटी उघड्या खिडकीशीं ठेवावी आणि हात न लावतां पाहावें. कांहीं वेळानें सुती दोरा तसाच राहिलेला, आणि लोकरीचा धागा झिजून चाललेला दिसेल. हें पाहिलेला मुलगा मोठेपणीं लोकरी कपड्यावर तें औषध कधीं ओतणार नाहीं.

शाई एक नव्हे

दुसरी परीक्षा शाईची. शाई या एका नांवाखालीं निदान चार निराळे पदार्थ आपल्या घरांतून वावरत असतात.

पहिली काजळाची. बोरूनें मोडी लिहिणाऱ्या आपल्या पूर्वजांची शाई काजळ आणि डिंक यांची असे. काजळ म्हणजे शुद्ध कोळसा. उन्हानें, पाण्यानें, आम्लानें किंवा काळानें तो फिका पडत नाहीं. म्हणून तर तीनशें वर्षांपूर्वींचे कागद आजहि काळेभोर वाचतां येतात. हा गुण दप्तरांत भूषण, गालिच्यावर संकट. काजळास रंगहीन करणारें औषध नाहीं. तें साबणाच्या पाण्यानें कणाकणानें सुटूं द्यावें लागतें.

दुसरी हिराकसाची. हिरडा किंवा माजूफळ यांचा काढा आणि हिराकस मिळून ही होते. हिराकस हें लोखंडाचें लवण. लिहितांना ही शाई फिकट असते आणि हवा लागल्यावर काळी होत जाते. पुढें तिच्यांत निळा रंग मिसळूं लागले, तो लिहितांक्षणीं अक्षर दिसावें म्हणून. तीच निळी-काळी शाई. ताजेपणीं पाण्यानें बरीच जाणारी ही शाई जुनी झाल्यावर हट्टी कां होते, हें यावरून ध्यानांत येईल : तिचें लोखंड हवेनें पक्कें झालेलें असतें. येथें मात्र लिंबाचा उपयोग आहे, कारण लिंबाचें आम्ल लोखंडाला धरून बाहेर आणतें.

तिसरी दौतींतली साधी निळी शाई, जी शाळेंतील मुलें फाउंटन पेनांत भरतात. दिगंबर परशुराम दांडेकर यांनीं १९३१ सालीं मुंबईस शाईच्या पुडींचा व्यवसाय आरंभिला आणि तेथूनच पुढें ‘कॅमल’ शाई घरोघर पोंचली, हें वाचकांस माहीत असेलच. या जातीच्या शाईंत पाण्यांत विरघळलेला कृत्रिम रंग असतो. सुती सदऱ्यावरून ती सहज धुऊन निघते आणि लोकरीवरून निघतां निघत नाहीं, असें कां? उत्तर मोठें मौजेचें आहे. हे रंग बहुधा त्याच कुळांतले, ज्यांनीं गिरणींत लोकर रंगविली जाते. रंगारी लोकर रंगवितो तेव्हां रंगाच्या पाण्यांत थोडें आम्ल घालतो आणि तें तापवितो. आम्ल आणि उष्णता यांच्या योगें रंग लोकरीच्या प्रथिनास घट्ट धरून बसतो. आतां निळ्या डागावर लिंबू पिळून वर गरम पाणी ओतणारी गृहिणी काय करीत असते? ती डाग काढीत नसते, तर रंगाऱ्याचेंच काम आपल्या बैठकींत पुरें करीत असते!

चौथा वर्ग बॉलपेन, जेलपेन व शिक्क्याच्या शाईचा. बॉलपेनची शाई तेलकट, ती पाण्यास भीक घालीत नाहीं. तिला औषधांच्या दुकानांतील स्पिरिट लागतें. जेलपेनांत पुष्कळदां रंगाचे न विरघळणारे सूक्ष्म कण असतात. ते काजळाप्रमाणें साबणानेंच सुटले तर सुटतात. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून मतदारांच्या बोटास लावीत आलेली म्हैसूरची शाई मात्र निराळीच. तिच्यांत चांदीचें लवण असतें व उजेडानें तें काळें पडतें. तिचा डाग घरगुती उपायांनीं जाण्याची आशा करूं नये.

गालिच्याचा स्वतःचा रंग

तिसरी परीक्षा गालिच्याच्या रंगाची. जुन्या गालिच्यांत मंजिष्ठाचा तांबडा, निळीचा निळा, हळदीसारखे पिवळे असे वनस्पतींचे रंग आढळतात. वसमतच्या हळदीच्या मुलखांतील भगिनींस हळदीचें वेड ठाऊक आहेच : साबणाचा खार लागतांच ती लाल होते. मंजिष्ठ आम्लानें नारिंगी छटेवर जातो. आणि जुन्या गालिच्यांतील काळा व तपकिरी रंग कित्येकदां लोखंड आणि तुरट द्रव्यें यांनींच साधलेला असतो, म्हणजे तो हिराकसाच्या शाईचा सख्खा भाऊ. लिंबू शाई काढील तेव्हां त्या वेलबुट्टीचा काळा रंगहि सोबत नेईल. यास्तव कोणतेंहि द्रव्य डागावर घालण्यापूर्वीं तें गालिच्याच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर, प्रत्येक रंगावर एक एक थेंब टाकून पाहावें. पांढरें ओलें फडकें त्यावर दहा मिनिटें दाबून ठेवावें. फडक्यास रंग लागला किंवा जागेची छटा पालटली, तर त्या द्रव्याचें नांव काढूं नये.

शाई सांडतांक्षणीं

पहिलीं पांच मिनिटें लाख मोलाचीं असतात. घरांतील जुनें, स्वच्छ, पांढरें धोतर फाडून त्याच्या घड्या हाताशीं ठेवाव्या. टीपकागद असल्यास उत्तम. घडी डागावर ठेवून तळव्यानें सरळ दाबावी, उचलावी, कोरडी बाजू फिरवून पुन्हां दाबावी. घासूं मात्र नये. घासल्यानें शाई रुंद होते, आणि लोकरीच्या तंतूंवर जे सूक्ष्म खवले असतात ते एकमेकांत अडकून तेथें नमदा बनतो. तो पुन्हां मोकळा होत नाहीं. दाबणें नेहमीं कडेकडून मध्याकडे. गालिचा उचलतां येत असेल तर डागाखालीं दुसरी जाड घडी सारावी.

घडीला शाई लागेनाशी झाली म्हणजे थंड पाणी चमच्यानें घालावें, एका वेळीं एक चमचा, आणि पुन्हां दाबून टिपावें. तांब्यानें पाणी ओतूं नये. गालिच्याचा वरचा केंसाळ भाग लोकरीचा असला तरी आंतील ताणाबाणा बहुधा सुती असतो. ओतलेल्या पाण्याबरोबर शाई त्यांत उतरते आणि वाळतांना पुन्हां वर चढते. डाग गेला असें वाटून दुसऱ्या दिवशीं तोच डाग हजर, याचें रहस्य हेंच आहे. मराठवाड्यांत विहिरीचें व कूपनलिकेचें पाणी पुष्कळ ठिकाणीं जड असतें, त्यांत साबणाचा फेस न होतां चिकट साका बसतो. शक्य तर पावसाचें साठविलेलें किंवा गाळणयंत्रांतील हलकें पाणी घ्यावें.

यानंतर साबण. कपड्याची वडी व बाजारी पूड बहुशः खारट असते, ती नको. लोकरी कपड्यांसाठीं मिळणारा पातळ सौम्य साबण लहान चमचाभर घेऊन तो एक तांब्या थंड पाण्यांत मिसळावा. रिठ्याचें पाणीहि चालतें, पण तें तपकिरी असल्यानें फिकट गालिच्यावर त्याची झांक राहूं शकते. आधीं कोपऱ्यावर पाहावें. या पाण्यांत घडी बुडवून पिळावी, डागावर दाबावी, कोरड्या घडीनें टिपावें, आणि हा क्रम घडी कोरी निघूं लागेपर्यंत चालू ठेवावा. शेवटीं नुसत्या पाण्याच्या घडीनें साबण अवश्य काढून घ्यावा. राहिलेला साबण धूळ धरतो आणि महिन्याभरांत तेथें मळकट ठिपका दिसूं लागतो.

तीन दिवसांचा डाग

पत्रलेखिका भगिनींचा डाग ताजा नाहीं. त्यास धीर धरावा लागेल. त्यांनीं साबणाच्या थंड पाण्यांत भिजवून घट्ट पिळलेली पांढरी घडी डागावर ठेवावी, वर पालथें ताट आणि त्यावर वरवंटा ठेवून अर्धा तास तसेंच राहूं द्यावें. कोरडा झालेला रंग सावकाश ओला होऊन घडींत उतरतो. घडी बदलून असें चार-पांच वेळां करावें. त्यानंतर ओल्या जागेवर कोरड्या सुती घड्यांची जाड चवड व वजन ठेवून रात्र जाऊं द्यावी, म्हणजे वाळतांना जो रंग वर येईल तो गालिच्याऐवजीं घडीस लागेल. एक दिवस सोडून पुन्हां हाच क्रम. फिकेपणा येत आहे तोंवर सोडूं नये. सलग तीन वेळां घडी कोरी निघाली, कीं मग थांबावें.

डाग निळ्या-काळ्या शाईचा असून निळा भाग निघाला आणि तांबूस-करडी छटा उरली, तर ती लोखंडाची समजावी. आधींची कोपऱ्याची परीक्षा उतरली असेल तरच अर्ध्या लिंबाचा रस वस्त्रगाळ करून वाटीभर थंड पाण्यांत मिसळावा, घडीनें लावावा, पांच मिनिटांनीं टिपून पाण्यानें तीनदां काढावा. निळा रंग जाण्याच्या अगोदर लिंबू कदापि नको.

बॉलपेनच्या रेघेवर स्पिरिट ओतूं नये. कापसाच्या बोळ्यावर घेऊन टिपावें आणि बोळा वारंवार बदलावा. त्या वेळीं खोलींत समई, उदबत्ती किंवा शेगडी नसावी आणि खिडक्या उघड्या असाव्या. कांहीं नव्या गालिच्यांच्या पाठीस रबरासारखा लेप असतो, तो स्पिरिटनें सैल पडतो.

आतां घरांतील तीन सूचनांचा निकाल. दूध बहुतांशीं पाणीच असल्यामुळें ताज्या डागास थोडें उतरवितें, पण तेवढें काम पाण्यानेंहि होतें; दुधाचा स्निग्धांश व प्रथिन मात्र ताण्याबाण्यांत राहून आंबतें, वास येतो आणि मुंग्या व कसर यांस आमंत्रण जातें. मीठ ओल शोषून घेतें, रंग तोडीत नाहीं. लिंबाविषयीं वर सांगितलेंच. बाटलींतील शुभ्रक द्रावण लोकरीस निषिद्ध. आणि तें लिंबू, व्हिनेगर यांसारख्या आम्लाबरोबर तर कधींच मिसळूं नये, त्यांतून क्लोरीन वायु सुटतो, व तो श्वासावाटे जाऊन माणसास इजा करतो. गालिच्याची गोष्ट मग दूरच राहिली.

वाळविणें

ओला गालिचा फरशीवर तसाच ठेवूं नये. खाटेच्या बाजेवर किंवा दोन बाकांवर पसरावा, म्हणजे दोन्ही बाजूंस वारा लागेल. मराठवाड्याचें वैशाखांतलें ऊन कडक. पण वनस्पतींचे रंग, त्यांतही हळदीचा पिवळा, प्रखर उन्हांत उडतात, म्हणून सावलींतला वारा बरा. इस्त्रीनें किंवा गरम हवेनें वाळवूं नये, उरलासुरला रंग त्यानें पक्का होतो. पावसाळ्यांत शक्यतों मोठी धुणावळ काढूंच नये. चार दिवस ओला राहिलेला सुती ताणा बुरशीनें कुजतो आणि गालिचा आंतून मोडतो.

इतकें करूनहि छटा उरली तर? शाई केवळ टोंकांवर असेल तर बारीक कात्रीनें तीं टोंकें केसभर छाटतां येतात. जाणत्या रफूगराकडून तेवढ्याच गांठी नव्यानें भरून घेतां येतात. गालिचा फारच जुना व मोलाचा असेल, तर मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासारख्या संस्थांतून जुन्या वस्तूंचें जतन करणारे तज्ज्ञ असतात, त्यांचा सल्ला घ्यावा आणि तोंवर घरगुती प्रयोग थांबवावे. नाहीं तर गालिचा फिरवून ती बाजू भिंतीकडे करावी. फिकी छटा असलेला अखंड गालिचा हा भोंक पडलेल्या निष्कलंक गालिच्याहून केव्हांहि श्रेष्ठ.

शेवटीं एक गोष्ट, जी पत्रांत विचारलेली नाहीं. दौत सांडली तेव्हां डाग पांच मिनिटांचा होता. तो तीन दिवसांचा झाला तो शाईमुळें नव्हे, भीतीमुळें. ज्या घरांत सांडलवंडीबद्दल मारझोड होते, त्या घरांत वस्तू कमी सांडतात असें नाहीं. त्या लोडाखालीं अधिक लपतात, एवढेंच. मुलानें धांवत येऊन सांगावें आणि वडील माणसानें प्रथम पांढरें फडकें हातीं घ्यावें, बोल नंतर लावावा. ती घडी त्याच मुलाच्या हातीं देऊन त्याच्याकडूनच डाग टिपून घेतला, तर शिक्षा आणि शिक्षण दोन्ही एकदमच होतात. एक जुनें धोतर फाडून त्याच्या घड्या बैठकीच्या फडताळांत कायमच्या ठेवून द्याव्या, आणि त्या कोठें आहेत हें घरांतील सर्वांत लहान मुलासहि ठाऊक असावें.

पुढील अंकीं, वसमतकडील भगिनींच्या सूचनेस अनुसरून, हळदीच्या डागांविषयीं लिहूं.